पेट रेंट, ईएसएचं पत्र की सर्व्हिस डॉग? अमेरिकेत भाड्याच्या घरात प्राणी आणण्याआधी

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या मंडळींत हिवाळा लागला की हा प्रश्न हमखास निघतो. चार वाजता अंधार पडतो, रूममेट त्याच्या खोलीत, आपण आपल्या. एखादं मांजर असावं, कुत्रा असावा असं वाटायला लागतं, आणि लीज उघडून बघावी तर 'नो पेट्स'. मग कोणीतरी सांगतं, "अरे, मनाच्या आधारासाठी प्राणी हवा असं थेरपिस्टचं पत्र ऑनलाइन मिळतं, दीडशे डॉलरमध्ये. घरमालकाला नाही म्हणताच येत नाही."

हे अर्धवट खरं आहे, आणि घोटाळा त्या अर्ध्यातच होतो. माझं मत आधीच सांगतो. बहुतेकांनी पत्राच्या फंदात न पडता प्राणी चालणारं घर शोधावं आणि सरळ पेट रेंट, म्हणजे प्राण्यासाठीचं दरमहा जादा भाडं, भरावं. ज्यांचे मानसिक आजारावर उपचार चालू आहेत, ज्यांच्या झोपेवर, कामावर, घराबाहेर पडण्यावर खरोखर परिणाम झाला आहे, त्यांनी आपल्याच थेरपिस्टकडून पत्र घ्यावं आणि ते घेताना अजिबात संकोच करू नये. सर्व्हिस डॉगची वाट फार थोड्यांची आहे.

तीन वाटा आणि त्यांच्यामागचे कायदे

पहिली वाट साध्या पाळीव प्राण्याची. इथे तुमचा हक्क म्हणजे लीजमध्ये जे लिहिलंय तेवढाच. घरमालक कुत्र्याची जात, वजन, संख्या ठरवू शकतो, डिपॉझिट आणि दरमहा पेट रेंट घेऊ शकतो, किंवा नाहीच म्हणू शकतो.

दुसरी वाट इमोशनल सपोर्ट ॲनिमलची, म्हणजे सगळे ज्याला ईएसए म्हणतात त्याची. तिचा आधार फेअर हाउसिंग ॲक्ट. हा कायदा 1968 चा, पण अक्षमता असलेल्यांना त्याचं संरक्षण मिळालं ते 1988 च्या दुरुस्तीनं. अक्षमतेमुळे एखाद्याला घराचा नीट उपभोग घेता येत नसेल, तर घरमालकानं आपल्या नियमांत वाजवी सवलत द्यायची, असं हा कायदा सांगतो. 'नो पेट्स' हाही एक नियमच, त्यामुळे त्यालाही सवलत लागू होते. ईएसएला कायद्याच्या नजरेत 'पेट' धरतच नाहीत. म्हणून पेट रेंट नाही, पेट डिपॉझिट नाही, जातीची बंदी नाही, वजनाची मर्यादा नाही. नुकसान झालं तर मात्र भरपाई तुमचीच. मांजरानं गालिचा फाडला तर तो नेहमीच्या डिपॉझिटमधून वळता होणार.

तिसरी वाट सायकिॲट्रिक सर्व्हिस डॉगची. हा कुत्रा ठरावीक काम करायला शिकवलेला असतो: पॅनिक ॲटॅक यायच्या आधी सावध करणं, दुःस्वप्नातून जागं करणं, औषधाची वेळ झाली की नाकानं ढोसणं. त्याला अमेरिकन्स विथ डिसॅबिलिटीज ॲक्ट लागू होतो, म्हणून तो घराबरोबरच दुकानात, हॉटेलात, बसमध्येही येऊ शकतो. नुसता जवळ असल्यानं बरं वाटतं, एवढ्यावर कुत्रा सर्व्हिस डॉग होत नाही. तसं असेल तर तो ईएसए.

ईएसएचा हक्क घरापुरता आहे हे पक्कं लक्षात ठेवा. ईएसएला घेऊन तुम्ही कॉस्टकोच्या दुकानात शिरलात तर दारातला माणूस तुम्हाला परत पाठवू शकतो, आणि त्याचं बरोबरच असेल.

पत्र: कोणाचं चालतं, कोणाचं नाही

चांगलं पत्र पानभराचंही नसतं. वर लेटरहेड, परवान्याचा क्रमांक, परवाना कुठल्या राज्याचा ते आणि तारीख. खाली चार-पाच ओळी: ही व्यक्ती माझ्याकडे उपचार घेते, तिला कायद्याच्या व्याख्येत बसणारी अक्षमता आहे, त्यामुळे रोजच्या अमुक गोष्टींवर मर्यादा येतात, आणि प्राणी सोबत असल्यानं लक्षणं कमी होतात. आजाराचं नाव लिहायची सक्ती नाही. मी तर म्हणेन, लिहूच नये. घरमालकाला निदान विचारण्याचा किंवा उपचारांची कागदपत्रं मागण्याचा अधिकार नाही.

आता इंटरनेटवर विकलं जातं ते बघा. फोटोचं ओळखपत्र, लाल जाकीट, सोनेरी शिक्क्याचं 'राष्ट्रीय नोंदणी' प्रमाणपत्र. अमेरिकेत अशी कुठलीही सरकारी नोंदणी नाही. ते जाकीट आणि ते कार्ड दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्याइतकंच खरं. गृहनिर्माण खात्यानं, म्हणजे हडनं, जानेवारी 2020 च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटलं होतं की पैसे घेऊन कोणालाही प्रमाणपत्र देणाऱ्या संकेतस्थळांचा कागद हा विश्वासार्ह पुरावा ठरत नाही. त्याच मार्गदर्शनात हेही होतं की परवानाधारक व्यावसायिक दूरस्थ पद्धतीनं खरोखर उपचार करत असेल तर त्याचं पत्र ग्राह्य धरता येतं. म्हणजे व्हिडिओ कॉल चालतो. प्रश्न एवढाच की त्या कॉलमागे उपचार आहेत की नुसती पावती. खात्याची अशी पत्रकं सरकारागणिक बदलतात, मागेही घेतली जातात, त्यामुळे सध्याची स्थिती तपासून घ्या. 1988 ची दुरुस्ती मात्र संसदेनं केलेला कायदा आहे, तो जागेवर आहे.

राज्यांचे नियम आणखी कडक. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2022 पासून कुत्र्यासाठी ईएसएचं पत्र देण्याआधी थेरपिस्टचं आणि तुमचं नातं किमान 30 दिवसांचं असावं लागतं, आणि परवाना तुम्ही राहता त्या भागात चालणारा हवा. आयोवा आणि मोंटानातही 30 दिवसांची अट आहे. फ्लोरिडात खोटा कागद दाखवून ईएसए मिरवणं हा 2020 पासून गुन्हा आहे. ज्याला 'दोन दिवसांत पत्र' मिळालं, त्यानं आपलं राज्य कुठलं ते आधी बघावं.

व्हिसावर असलेल्यांना एक वेगळीच धास्ती असते: हे कुठे नोंदलं जाईल, पुढे ग्रीन कार्डाला आडवं येईल का? फेअर हाउसिंग ॲक्ट भाडेकरूचं नागरिकत्व विचारत नाही. एफ-1 असो वा एच-1बी, संरक्षण तेच. घरमालकाला दिलेलं पत्र त्याच्या ऑफिसच्या फायलीत राहतं.

'डिसॅबिलिटी' म्हटलं की आपल्याकडे पोटात गोळा येतो. घरी कळलं तर आई म्हणणार, "एवढं काय झालंय तुला?" कायदा इतकंच बघतो की आजारामुळे जगण्यातल्या एखाद्या मोठ्या व्यवहारावर ठळक मर्यादा आली आहे का. तीव्र नैराश्य, चिंताविकार, आघातानंतरचा ताण हे यात बसू शकतात. घरची आठवण येते, रविवारी संध्याकाळी भकास वाटतं, हे बसत नाही. आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यासाठी पहिली वाट आहेच की.

घरमालक कुठे नाही म्हणू शकतो

हे मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण आपल्यातले बरेच जण नेमके इथेच राहतात. मालक स्वतः ज्या इमारतीत राहतो आणि जिथे चार किंवा त्याहून कमी घरं आहेत, तिला केंद्रीय कायद्याच्या या तरतुदींतून सूट आहे. न्यू जर्सीत एखाद्या देशी कुटुंबाच्या घराचं बेसमेंट भाड्यानं घेतलंय, वर काका-काकू राहतात, किचन वापरायला मिळतं. अशा ठिकाणी ईएसएचं पत्र बहुधा निरुपयोगी. दलालाविना स्वतःचं एखादं घर भाड्यानं देणाऱ्या छोट्या मालकालाही काही अटींवर सूट आहे. काही राज्यांचे कायदे ही सूट आणखी आखडतात, म्हणून आपल्या राज्याचं बघावंच. पण बेसमेंटवाल्या काकूंशी कायदा काढून भांडण्यापेक्षा चहा घेत विचारलेलं जास्त फळतं.

मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये चित्र उलट. तिथे सरसकट नकार चालत नाही. नकार द्यायचा तर त्या विशिष्ट प्राण्याच्या वागण्यातून इतरांना खरा धोका आहे किंवा मोठं नुकसान होणार आहे हे दाखवावं लागतं; "पिटबुल आहे म्हणून" एवढं कारण पुरत नाही. मात्र ईएसए असला तरी रात्रभर भुंकण्याची, घाण न उचलण्याची मुभा मिळत नाही. शेजाऱ्यांच्या तक्रारी साठत गेल्या तर पत्र तुम्हाला वाचवणार नाही. तुम्ही सकाळी ऑफिसला गेल्यावर कुत्रा दाराशी बसून तीन तास रडतो का, हे घरी आणायच्या आधीच विचारात घ्या. पातळ भिंतींच्या लाकडी इमारतींत ते पलीकडे जसंच्या तसं ऐकू जातं.

विद्यार्थ्यांनी कॅम्पसवरच्या घरांचंही ध्यानात ठेवावं. नेब्रास्का विद्यापीठाच्या कर्नी कॅम्पसनं एका विद्यार्थिनीला चार पौंडांचा छोटा कुत्रा ठेवू दिला नाही. 2013 मध्ये केंद्रीय न्यायालयानं विद्यापीठाच्या घरांनाही फेअर हाउसिंग ॲक्ट लागू होतो असं ठरवलं, आणि 2015 मध्ये विद्यापीठानं 1,40,000 डॉलर देऊन तडजोड केली. म्हणून आता विद्यापीठांत याचे रीतसर अर्ज असतात, ते डिसॅबिलिटी सर्व्हिसेसच्या ऑफिसात मिळतात. कॅम्पसवरचे काउन्सेलर बऱ्याच ठिकाणी अशी पत्रं देत नाहीत, ते त्यांचं धोरणच असतं. पहिल्याच भेटीत विचारून टाका, म्हणजे चार भेटींनंतर हिरमोड होणार नाही.

पैशाचं गणित

पत्रामागे धावणाऱ्यांचा हिशेब बहुधा असा असतो: पेट रेंट महिन्याला 50 डॉलर, वर्षाचे 600, शिवाय सुरुवातीची फी 300. पत्र दीडशेला मिळतंय, म्हणजे साडेसातशे वाचले. हिशेब बरोबर, पण वहीचं एकच पान उघडलंय. खाणं, लस, डॉक्टर, रात्री अचानक इमर्जन्सी व्हेटकडे पळणं, हे तिन्ही वाटांवर सारखंच. आणि आपल्या लोकांचा सगळ्यात मोठा खर्च कोणी मोजतच नाही: भारतवारी. डिसेंबरात चार आठवडे पुण्याला गेलात आणि कुत्रा बोर्डिंगमध्ये रात्रीला 50 डॉलरनं ठेवलात, तर 28 रात्रींचे 1,400 डॉलर. पेट रेंट दुप्पट झालं तरी याच्या खालीच. मांजर असेल तर मित्राच्या घरी सोय लागते, किंवा कोणीतरी रोज येऊन खाणं-पाणी करून जातं. मांजराच्या बाजूनं हा एवढा मुद्दा मला पुरतो.

पेट रेंटवरही काही राज्यांत लगाम आहे. कोलोराडोत 2024 पासून पेट डिपॉझिट 300 डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते परत करावं लागतं. दरमहा पेट रेंट 35 डॉलर किंवा भाड्याच्या दीड टक्का, यातलं जे जास्त असेल त्याच्या वर नाही. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2024 पासून पेट डिपॉझिट धरून एकूण डिपॉझिट बहुतेक मालकांना एका महिन्याच्या भाड्याइतकंच घेता येतं. न्यूयॉर्क शहराचा नियम तर गमतीचा: तीन किंवा जास्त घरांच्या इमारतीत भाडेकरूनं प्राणी उघडपणे ठेवला आणि मालकानं माहीत असूनही तीन महिन्यांत कोर्टाची पायरी चढली नाही, तर त्या प्राण्यापुरती 'नो पेट्स'ची अट गळून पडते. यावर विसंबून कुत्रा आणा असं मी सुचवणार नाही. तीन महिने धाकधूक करायची, तीही मन शांत व्हावं म्हणून?

सर्व्हिस डॉगचं गणित वेगळ्याच पट्टीवर चालतं. संस्थेकडून शिकवलेला कुत्रा घ्यायचा तर खर्च हजारो डॉलरमध्ये, आणि यादीत थांबणं वर्ष-दोन वर्षं. कायद्यानं स्वतः शिकवायलाही परवानगी आहे, प्रमाणपत्राची अट नाही. दुकानदार दोनच प्रश्न विचारू शकतो: हा अक्षमतेसाठी लागणारा सर्व्हिस डॉग आहे का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय? दुसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर तुमच्याकडे नसेल तर विषय संपला. कॅलिफोर्नियात खोटा सर्व्हिस डॉग मिरवल्यास 1,000 डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. व्हिसावर असताना हा खेळ खेळू नये, हे वेगळं सांगायला नको.

मनाला उपयोग किती?

संशोधन जेवढं मिरवलं जातं तेवढं भक्कम नाही. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यानं आघातानंतरचा ताण असलेल्या सैनिकांवर एक मोठी चाचणी केली. काहींना सर्व्हिस डॉग दिले, काहींना भावनिक आधाराचे कुत्रे. रोजचं कामकाज आणि एकूण जीवनमान या दोन मुख्य कसोट्यांवर दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. ताणाच्या लक्षणांत मात्र सर्व्हिस डॉगवाल्यांना थोडा जास्त फायदा झाला. म्हणजे नुसत्या आधाराचा कुत्राही काही अगदी मागे पडला नाही. पण त्या चाचणीत कुत्रे निवडून, शिकवून दिलेले होते, आणि ती माणसं उपचारांच्या व्यवस्थेत होती. शेल्टरमधून शनिवारी आणलेलं पिल्लू म्हणजे ते नव्हे.

प्राण्यानं होतं काय, तर दिवसाला खुंटा मिळतो. सातला उठावंच लागतं, बाहेर पडावंच लागतं, कुत्र्यामुळे शेजारी नावानं ओळखू लागतो. नैराश्यात हे लहान नाही. पण ज्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही, त्या दिवशीही त्याला बाहेर न्यावंच लागतं. ते जमलं नाही की अपराधी वाटतं, आणि ओझं वाढतं. म्हणून शंका असेल तर आधी फॉस्टर करा. शेल्टर काही आठवड्यांसाठी प्राणी घरी देतात, अन्न आणि औषधपाणी बहुधा तेच बघतात. मात्र त्यालाही लीजमध्ये परवानगी लागते. आणि मन फारच बुडत असेल तर पत्राची वाट बघू नका; 988 या मानसिक संकटाच्या हेल्पलाइनवर फोन करा, तो अमेरिकेत कुठूनही लागतो.

घरातली माणसं

पत्र घरमालकाला बांधतं, रूममेटला नाही. त्याला मांजराच्या केसांची ॲलर्जी असेल तर त्याचाही आजार तितकाच खरा. लीजवर तिघांची नावं असतील तर तिघांशी आधी बोला. दुसरं, आई-बाबा सहा महिने राहायला येणार असतील तर त्यांनाही विचारा. देवघराच्या खोलीत कुत्रा फिरलेला काहींना चालतो, काहींना नाही, आणि फेब्रुवारीच्या बर्फात दुपारी बाबाच त्याला फिरवणार आहेत, हे त्यांना विमानात बसायच्या आधी माहीत असलेलं बरं. बऱ्याच घरांत शेवटी त्या दोघांचीच गट्टी जमते, ते सोडा.

पत्र द्यायचं ठरलंच तर

लीजिंग ऑफिसात तोंडी बोलून थांबू नका. ईमेल करा, आणि तो साधा ठेवा: अक्षमतेमुळे रीझनेबल अकॉमोडेशन म्हणून मला आधाराचा प्राणी ठेवायचा आहे, पत्र जोडलंय, कृपया लेखी उत्तर द्यावं. प्राणी आणण्याआधी हे केलेलं चांगलं. आधी लपवून ठेवायचा आणि पकडलं गेल्यावर पत्र काढायचं, याला कायद्यानं सरसकट मनाई नाही, पण समोरच्याचा विश्वास उडतो. दहा-बारा दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच ईमेलखाली पुन्हा लिहा. लेखी नकार आला, किंवा 'हो, पण पेट फी भरा' असं आलं, तर हडकडे एक वर्षाच्या आत विनामूल्य तक्रार करता येते. स्वतः कोर्टात जायचं तर मुदत दोन वर्षांची. राज्याची नागरी हक्क कार्यालयंही अशा तक्रारी घेतात.

विमान आणि भारत

विमानात ईएसएची सोय संपली. 11 जानेवारी 2021 पासून लागू झालेल्या नियमानं विमान कंपन्यांना फक्त शिकवलेल्या सर्व्हिस डॉगला घेणं बंधनकारक आहे. ईएसएला त्या पाळीव प्राण्याचं तिकीट लावतात. कुत्रा भारतात फिरवून आणायचा विचार असेल तर आणखी एक बघा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, यादीत भारत रेबीजचा जास्त धोका असलेला देश आहे. 1 ऑगस्ट 2024 पासून परत येणाऱ्या कुत्र्याचं वय किमान सहा महिने, अंगात मायक्रोचिप आणि सीडीसीचा फॉर्म लागतो. शिवाय रेबीजची लस अमेरिकेत झाल्याचं सरकारी मान्यतेचं प्रमाणपत्र निघण्याआधीच करून घ्यावं लागतं. ते राहिलं तर परतीची वाट फार लांबची आणि खर्चिक होते.

कायमचे परतणार असाल तर भारताच्या प्राणी संगरोध विभागाचं ना हरकत प्रमाणपत्र आधी मिळवावं लागतं. भारतात आल्यावर ईएसएच्या पत्राला काही किंमत नाही, भारतीय कायद्यात तसा प्रकारच नाही. त्याऐवजी वेगळाच आधार आहे: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. पण हे सोसायटीपुरतं. फ्लॅटच्या मालकानं लिव्ह अँड लायसन्सच्या करारात 'प्राणी नकोत' असं कलम टाकलं असेल आणि तुम्ही सही केली असेल, तर अडवणारा तोच असेल. तेव्हा करार नोंदवायच्या आधी ते कलम वाचा, आणि काढून घेता आलं तर तिथेच काढून घ्या.